बोट लागणाऱ्यांची लाल बादली

मी एक जुनी बादली आहे. नाक दाबू नका मित्रांनो, आज सकाळीच मला साबणाने घासून उन्हात उपडी ठेवलीय. मी बोटीवर असते. लोकांना बोट लागते ना, पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि मग जे व्हायचं ते होतं, ते माझ्यात होतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

पण जन्मले तेव्हा हे काम माझ्या स्वप्नातही नव्हतं. पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. दिवसभर ठोकाठोक करून त्याचे कान गेले होते, त्यामुळे तो साधं बोलला तरी भांडतोय असं वाटायचं. त्याने जस्ताचा पत्रा कापला, वळवला, काठाला तार घालून दुमडला, बूड बसवलं, पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही. तो बायकोवर ओरडला, "बघ गं, ही पोरगी कुठंही द्या, नाव काढेल!"

नाव काढलं. कसलं ते नंतर सांगते.

आम्ही सहा बहिणी. सहाही जणींना लाल रंग दिला, पोटावर पांढऱ्या अक्षरात 'आग' लिहिलं, आणि वाळू भरून बोटीवर टांगलं. आग लागली तर विझवायला. तीन वर्षं नुसती टांगलेली होते मी. आग लागली नाही, काडीपेटीसुद्धा कोणी सांडली नाही. पण रुबाब केवढा! येणारा-जाणारा आमच्याकडे आदराने बघायचा. पुढे घासून घासून माझा 'आ' पुसला गेला आणि पोटावर नुसता 'ग' उरला. खरं सांगू? मला तेव्हा 'ग'ची बाधा होतीच.

ती उतरली एका झटक्यात. समुद्र खवळलेला, आणि एका लठ्ठ प्रवाशाचा चेहरा कच्च्या पपईसारखा हिरवा झालेला. आमच्या बोटीवरचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, धावत आला, मला खुंटीवरून ओढलं, वाळू समुद्रात फेकली आणि मला त्या माणसापुढे धरलं. अगदी वेळेवर. सगळे म्हणाले, "वा सारंग, वा!" मला कोणी काही म्हणालं नाही. मी रडले असते, पण माझ्यात आधीच बरंच काही होतं.

तेव्हापासून तेच माझं काम.

आमची बोट बेटावरून सकाळी निघते, चार तासांनी पलीकडच्या मोठ्या शहराला लागते, आणि दुपारी परत फिरते. सारंगाची ढेरी पुढे, चाल बदकाची, पण बोट कितीही हलू दे, त्याच्या हातातला चहा सांडणार नाही. बोट सुटायच्या आधी तो मला घेऊन बाकांमधून एक फेरी मारायचा. चेहरे बघायचा. जो जरा फिका दिसेल त्याच्या पायाशी मला ठेवून म्हणायचा, "घ्या, हाताशी असू द्या. लाज नाही बाळगायची." मला तो 'लाली' म्हणायचा. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे.

किती जणांना पाहिलं मी! वरातीतून थेट आलेला एक नवरदेव, पोटभर तळलेलं खाऊन बसलेला. एक मास्तर, सगळ्यांना "घाबरायचं काय त्यात" असं सांगत वर्तमानपत्र उघडून बसलेले. दुसऱ्याच पानावर त्यांनी मला मिठी मारली. हलत्या बोटीत खाली मान घालून वाचायचं, म्हणजे आपणच आपल्या पोटाशी भांडण उकरून काढायचं. एक पैलवान वाऱ्यासाठी म्हणून अगदी पुढच्या टोकाला बसला. पुढचं टोक किती वरखाली होतं, हे त्याला कोण सांगणार? दंड एवढे, आणि आवाज मांजराच्या पिल्लाचा. कोणी धुराड्याजवळ बसायचं आणि डिझेलच्या वासाने ओकायचं. आणि एकाने सुरुवात केली की बाजूचा, मग त्याच्या बाजूचा. जांभईसारखंच आहे ते.

आणखी एक गोष्ट मला दिसली होती, पण मी ती मनावर घेतली नाही. ज्याच्या पायाशी सारंग मला ठेवायचा, तो हमखास पहिला ओकायचा. मला वाटायचं, बघा, आमच्या सारंगाची नजर! बरोबर माणूस हेरतो.

मधे दीड वर्ष मला अडगळीत टाकलं होतं. कागदी पिशव्या आल्या होत्या ना, नवीन फॅशन. मी फडक्यांच्या आणि तुटक्या खराट्यांच्या संगतीत पडले. एक कोळी माझ्या कडीवर राहायला आला, भाडं नाही, विचारणं नाही. पण पिशव्या ओल्या झाल्या की बुडातून सुटायच्या. एकदा एक पिशवी कप्तानाच्या पांढऱ्या पँटवर सुटली. दुसऱ्या दिवशी मी बाहेर!

आता ज्या दिवसासाठी मी तोंड उघडलंय, त्या दिवसाबद्दल सांगते.

तीन दिवस वारा सुटला होता. तो नुकता पडला होता, पण समुद्राचा राग एवढ्यात जात नाही, लांबलांब लाटा येतच होत्या. परतीची फेरी होती. दुसऱ्या दिवसापासून बोट तीन आठवडे दुरुस्तीला जाणार, म्हणून जो तो याच फेरीला आलेला.

त्यात एक आजी आली. डाव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली. सुनेने दंड धरलेला. सून बेकरीत कामाला होती, अंगाला भाजलेल्या पिठाचा वास, आणि जीभ बेकरीतल्या सुरीसारखी. आजी बेटावरची काजवाली. शिंपी लोक कपडे शिवून तिच्याकडे पाठवायचे आणि ती हाताने काजं करायची, इतकी बारीक की बटण घातलं की आवाज यायचा म्हणे. पण काज होतं जवळच्या नजरेवर, आणि तिच्या उजव्या डोळ्याला जवळचं दिसणं कधीच बंद झालेलं. लांबचं तेवढं दिसायचं. उरला होता डावा. त्यावर आठ दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती. आत टाके होते.

सारंग नेहमीप्रमाणे मला घेऊन फेरीला निघाला. आजीचा चेहरा पाहिला, थांबला, आणि मला तिच्या पायाशी ठेवलं.

"घ्या आजी, हाताशी असू द्या."

आजीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. बोट अजून धक्क्याला बांधलेली होती, मित्रांनो! दोर सुटला नव्हता, आणि आजीच्या तोंडाला पाणी सुटलं.

"उचला ती!" सून इतक्या जोरात ओरडली की माझी कडी वाजली. "आधी उचला ती इथून!"

"अहो ताई, सोयीसाठीच ठेवलीय."

"सोय? डॉक्टरांनी काय सांगितलंय माहितेय? यांना एक ओकारी आली आणि जोर पडला, तर आतले टाके सुटतील. डोळा गेला मग. सोय म्हणे!"

सारंगाला राग आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पंधरा वर्षं मी ही बादली देतोय लोकांना."

"म्हणून पंधरा वर्षं लोक ओकतायत! समोर बादली ठेवली की पोटाला वाटतं, बोलावणं आलं."

आजूबाजूचे हसले. सारंग हसला नाही. माझ्याही अंगावर काटा आला, पत्र्यावर येतो तेवढा. कारण मला एकदम ते सगळे आठवले, नवरदेव, पैलवान, मास्तर. ज्याच्या पायाशी मी, तो पहिला. सारंगाने हेरलेलं नव्हतं. मीच ओकायला लावत होते त्यांना! एवढी वर्षं ज्याला मी सेवा समजत होते, त्यातलं निम्मं दुखणं मीच लावलेलं होतं.

सारंगाने मला उचललं. वाटलं, आता चिडून निघून जाईल. पण चार पावलं गेला आणि परत आला. मला पाठीमागे धरून.

"आजींनी खाल्लंय काय?" त्याने विचारलं.

"काही नाही," आजीच अभिमानाने म्हणाली. "बोटीचा प्रवास असला की मी आदल्या दिवसापासून पाण्यावर असते. पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार?"

"आणि गोळी? डॉक्टरने दिली असेल ना?"

"ती खाण्यावर घ्यायची होती," सून म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. "आई! तुम्ही घेतलीच नाही?"

आजीने रुमालाची गाठ सोडली. गोळी त्यात. नुसती गोळी नाही, सुनेने सकाळी दिलेला टोस्टही त्यात, चुरा झालेला.

"तुम्ही मला म्हणालात खाल्ला!"

"म्हणाले मी. तू रागावतेस म्हणून म्हणाले."

"मी रागावते कारण तुम्ही अशा वागता!"

"भांडा नंतर, घरी जाऊन," सारंग म्हणाला. "आजी, रिकामं पोट जास्त ढवळतं. पित्त वर येतं. काल-परवाच्या वाऱ्यामुळे माल उशिरा चढतोय, बोट सुटायला अजून तासभर आहे. आत्ता दोन कोरडे टोस्ट खा, हळूहळू, वर थोडं पाणी, आणि गोळी घ्या. ती पोटात जाऊन कामाला लागायला तेवढा वेळ लागतोच. लाटेत घेऊन उपयोग नाही."

सुनेकडे टोस्टची अख्खी पिशवी होती, बेकरीचे ते. आजीने कुरकुरत दोन खाल्ले. मग सारंगाने तिला उठवलं आणि बोटीच्या मधोमध नेलं, जिथे एक जाड खांब आहे आणि त्याला पाठ लावून एक बाक. तिथे बसलेल्या एका माणसाला त्याने नुसतं "उठा" म्हटलं. तो उठला. मधे बोट सगळ्यात कमी हलते. वारा येतो, धुराडं मागे राहतं.

"डोकं खांबाला टेकवा. हलू द्यायचं नाही. आणि ती तिकडे, पाणी आणि आभाळ भेटतात ना, ती रेघ दिसते उजव्या डोळ्याने? तिच्याकडे बघायचं. लाटांकडे नाही, माणसांकडे नाही. बोट हलते, ती रेघ हलत नाही."

आजीने पाहिलं. "दिसते," ती म्हणाली. "चांगली सरळ टीप आहे. कोणी घातलीय?"

आणि मला? मला बाकाच्या मागे, खांबाच्या आड ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून मागितलं की माझ्याकडे कोणी येऊ नये.

बोट सुटली. धक्क्याच्या बाहेर आल्यावर पहिली लाट आली, मग दुसरी. पाठीमागच्या बाकांवर लगेच कोणीतरी सुरू झालं, पिशवीत. सुनेने चटकन आजीच्या त्या बाजूच्या कानावर हात ठेवला आणि लागली बडबडायला. शेजारणीची कुरापत, बेकरीतल्या मालकाची टोपी, काय काय. आजी रेघेकडे बघत होती, मधूनच म्हणत होती, "हं. मग?" एक तास गेला. दोन गेले. आजीने आल्याचा तुकडाही चघळला, सारंगाने आणून दिलेला. "तिखट आहे मेलं," म्हणाली, पण थुंकली नाही.

मग पाऊस आला. मोठा नाही, नुसती धुक्यासारखी भुरभुर. आणि ती रेघ गेली. पाणी आणि आभाळ सगळं एकच करडं फडकं झालं.

"टीप उसवली," आजी म्हणाली. मग तिने जांभई दिली. मग दुसरी. मला जांभया कळतात, मित्रांनो. आधी जांभया, मग कपाळावर गार घाम, मग तोंडात पाणी, मग मी.

"आई? आई, काय होतंय?"

आजीने मागे हात नेऊन खांब धरला. तिचे ओठ पांढरे झाले.

आणि नेमकी त्याच वेळी एक मोठी लाट बाजूने आली. बोट कलली. मी घसरले. खांबाच्या आडून सुटले आणि खडखडत, ठणठणत निघाले थेट आजीच्या पायांकडे. मी स्वतःला थांबवायचा किती प्रयत्न केला! पण बादलीला पाय नसतात, बूड असतं, आणि बूड जिकडे उतार तिकडे जातं. सुनेने मला पाहिलं. आजीची मान आवाजाकडे वळायला लागली.

धप्प!

सारंग आला कुठून ते मला दिसलंच नाही. त्याने मला एका हाताने उपडी केली आणि ढेरीसकट माझ्यावर बसला. माझं तोंड जमिनीला, सगळीकडे अंधार. आवाज तेवढे ऐकू येत होते.

"कसला आवाज तो?" आजीचा बारीक आवाज.

"माझा. स्टूल घेऊन आलो गप्पा मारायला. डोळा मीट, आजी. रेघ नाही ना दिसत? मग काही बघूच नकोस. डोकं खांबाला. ताई, ओलं फडकं मानेवर ठेवा. नाकाने श्वास घे आजी, लांब. सोड. घे. माझ्याबरोबर."

तो श्वास घ्यायचा तेव्हा माझ्यावरचं वजन हलकं व्हायचं, सोडायचा तेव्हा बूड करकरायचं. किती वेळ गेला कोण जाणे. मी आत वाट बघत होते की आता उठेल, आता मला सुलटी करेल, आणि सगळं संपेल.

मग आजी म्हणाली, "तुझ्या कोटाचं बटण लोंबतंय."

"तू डोळा उघडलास?"

"नाही रे बाबा. बाही हाताला लागली. हे काज कोणी केलंय? हे काज नाही, हे उंदराचं बीळ आहे."

"बायकोने."

"तिला माझ्याकडे पाठव."

"पाठवतो. पण रागावू नको तिला, तिची जीभ या ताईंसारखी आहे."

"माझ्या जिभेचं काय?" सून म्हणाली, आणि हसता हसता तिला हुंदका आला.

आजी हाताने सारंगाच्या कोटाची एकेक बटण चाचपत राहिली आणि प्रत्येक काजाला नावं ठेवत राहिली. पाच बटणं झाली. परत पहिल्यापासून. आणि मग बोटीचं हलणं एकदम कमी झालं. बंदराची भिंत आली होती. भिंतीच्या आत पाणी गप्प असतं.

"आलं," सारंग म्हणाला.

तो उठला. उजेड आला. आजीने डोळा उघडला आणि मला पाहिलं, उपडी, बूड थोडं चेपलेलं.

"स्टूल कसलं, बादलीच आहे ही! यावर बसला होतास?"

सारंगाने मला सुलटी केली. मी आतून कोरडी होते, अगदी कोरडी. एवढ्या वर्षांत परतीच्या फेरीला असं पहिल्यांदाच झालं होतं. सारंगाने माझ्यात डोकावून पाहिलं, मग सुनेने पाहिलं, आणि दोघंही वेड्यासारखी हसायला लागली. एवढं कौतुक मला भरलेली असताना कधी झालं नव्हतं. सून धक्क्यावर उतरली, परत वर चढून आली आणि उरलेल्या टोस्टची पिशवी सारंगाच्या हातात कोंबून निघून गेली. तिची माफी मागायची पद्धत ती तशीच असावी.

तीन आठवड्यांनी बोट रंगून परत आली. रंगाऱ्याने कठडे रंगवले, धुराडं रंगवलं, मला सोडलं. असो. आजी आणि सून तपासणीला म्हणून दोनदा गेल्या-आल्या. दर वेळी पोटात टोस्ट, तासभर आधी गोळी, खांबाचा बाक, आणि ती रेघ. एकदाही माझं काम पडलं नाही. दुसऱ्या फेरीला डोळ्यावरची वाटीही निघालेली होती. डॉक्टर म्हणाले होते, छान आहे, हळूहळू काम सुरू करा.

आजीने पहिलं काम काय केलं सांगू? माझं. पुढच्या वेळी ती आली ती निळ्या जाड कापडाचं एक झाकण घेऊन. माझ्या तोंडावर बरोबर बसणारं, काठाला पट्टी, आणि पट्टीवर चार बटणं, चार काजं. इतकी बारीक काजं की सारंगाने त्यांच्यावरून हाताचं बोट फिरवून पाहिलं आणि कोटाची बाही पाठीमागे लपवली.

"म्हणजे दिसायला नको कोणाला," आजी म्हणाली.

"पण आजी, चार-चार बटणं? ती सोडेपर्यंत माणूस..."

"खऱ्या घाईला तुझ्याकडे पाच बादल्या आहेत तिकडे टांगलेल्या. ही बाकीच्यांसाठी. एकेक बटण सोड, आणि दर बटणाला त्याला एक लांब श्वास घ्यायला लाव."

आता सारंग मला घेऊन फेरी मारत नाही. मी खांबामागे असते, झाकण लावून. तो फेरी मारतो ती मोकळ्या हाताने. पुस्तकं मिटायला सांगतो, तळलेलं बाजूला ठेवायला सांगतो, पुढच्या टोकावरच्या पैलवानांना मधे आणून बसवतो, धुराड्याजवळच्यांना उठवतो.

तर मित्रांनो, बोटीत बसाल तेव्हा माझी एवढीच विनंती. उपाशी येऊ नका आणि हादडूनही येऊ नका. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरला विचारून, वेळेवर घ्या, रुमालात बांधून ठेवू नका. ती लांबची रेघ दिसते तोवर तिच्याकडे बघा, नाही दिसली तर डोळे मिटा आणि डोकं टेकवा. आणि बाजूचा हिरवा पडला तर हसू नका, त्याला बोलत ठेवा. एवढं करूनही नाहीच जमलं, तर मी आहे. लाज नाही बाळगायची. फक्त नंतर मला नीट धुवा, आणि उन्हात ठेवा.

कालच एक तरुण पोलीस आला होता, टोपी काढून, पांढराफटक. "बादली," एवढंच म्हणाला. सारंगाने मला पुढे ओढलं. एक बटण सोडलं. "घ्या श्वास." दुसरं सोडलं. "घ्या." तिसऱ्याला हात घातला तेव्हा पोलिसाने कपाळ पुसलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "गेलं."

सारंगाने दोन्ही बटणं परत लावली. टक, टक. खरंच आवाज येतो.